जावयांचा मासा

विठाबाईला दोन जावई. थोरला उर्स्याचा केरबा, धाकटा मळवलीचा सोपान. दोघांनाही गळ टाकायचं वेड होतं, पण ते त्यांना लागलेलं नव्हतं, सासऱ्यानं लावलेलं होतं. टाकवे बुद्रुकचा रखमाजी, विठाबाईचा नवरा, मुलगी बघायला आलेल्याच्या हातात चहाच्या आधी काठी द्यायचा. केरबा बघायला आला तेव्हा मुलगी त्याला दिसलीच नाही. दिवसभर त्यानं नदी बघितली आणि संध्याकाळी लग्नाला होकार देऊन घरी गेला.

रखमाजी गेला, पण त्याचा रिवाज विठाबाईनं मोडू दिला नाही. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, आदल्या दिवसाचं मटण जिरलं की, दोन्ही जावयांनी आंद्रा धरणाच्या पाण्यावर जायचं. ज्याचा मासा मोठा, त्याच्या ताटात विठाबाई स्वतःच्या हातानं मुंडकं वाढणार. दुसऱ्याला शेपटी. मग पुढची जत्रा येईपर्यंत लग्नात, बारशात, अगदी दहाव्याच्या घाटावरसुद्धा कुणीतरी हळूच विचारायचं, "काय शेपटीवालं, कवा आलात?"

केरबाच्या ताटात शेपटी कधी पडली नव्हती. त्याची बांबूची काठी, तंगुसाची, म्हणजे बारीक नायलॉनची, दोरी आणि लसूण घालून मळलेली कणीक, एवढ्यावर त्यानं आंद्रेतले मासे वर्षानुवर्षं सासूच्या चुलीवर आणून घातले. एका साली त्यानं काढलेला मरळ असा होता, की तो बाहेर आल्यावर धरणाचं पाणी वीतभर उतरलं आणि काठच्या शेतकऱ्यांच्या मोटारी कोरड्या पडल्या. पाटबंधाऱ्याचा माणूस चौकशीला आला होता म्हणतात. आला असेल. आपण कशाला नाही म्हणा?

सोपान बिचारा शेपटी खायचा आणि हसायचा. ह्याच कारणासाठी केरबाला आपला साडू फार आवडायचा.

तर एके दिवशी केरबाची बायको सरुबाई बहिणीशी फोनवर बोलून आली आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "सोपानभावजींना त्यांच्या सायबानं काठी दिली म्हनं. फारीनची. चिमा सांगत हुती, बघायला मानसं येत्यात."

"काठी काय बघायची असती?" केरबा म्हणाला. पण भाकरी अर्धीच राहिली.

दुसऱ्याच दिवशी तो इंद्रायणी तांदळाची पिशवी मोटरसायकलला अडकवून मळवलीला गेला. मेव्हणीला तांदूळ द्यायचे होते, एवढंच. आता चिमाबाईच्या घरी तांदळाचं पोतं उघडं पडलेलं होतं, हा भाग वेगळा.

सोपान मळवलीत एका बंगल्याची राखण करायचा. बंगला तळेगावच्या त्र्यंबकरावांचा. त्र्यंबकराव निवृत्त झाले, मग त्यांचा उजवा खांदा निवृत्त झाला. तेव्हा त्यांनी आपला फ्लाय रॉड, म्हणजे आमिषाऐवजी नकली माशी बांधून फेकायची काठी, सोपानला देऊन टाकला. केरबा पोचला तेव्हा सोपान नदीच्या काठावर उभा होता आणि लेणी बघून परतणारी पाच-सहा पोरंपोरी मोबाईल वर धरून त्याचं चित्रण करत होती.

केरबानं ते पाहिलं आणि जागीच थांबला. सोपाननं मनगट नुसतं हलवलं. पिवळी दोरी मागं गेली, हवेत लांब पडून तिनं आळस दिला, मग पुढं आली आणि पाण्यावर अशी टेकली, की पाण्यालासुद्धा पत्ता लागला नसावा. दोरीच्या टोकाला कोंबड्याच्या मानेच्या पिसाची बांधलेली माशी. ती इतकी हुबेहूब, की एक जिवंत माशी तिच्याभोवती लग्नाचं विचारायला आल्यासारखी घिरट्या घालत होती.

"या, साडूभाऊ!" सोपान ओरडला. "बरं झालं आलात. ही बघितली का?"

"काय?" काठी डोळ्यांत घुसत असताना केरबा म्हणाला.

"हातात घ्या की."

केरबानं हातात घेतली. जड असेल म्हणून त्यानं जोर लावला होता, तो जोर वाया गेला आणि हात डोक्यापर्यंत वर आला. पडवळाला ह्याहून वजन असतं.

"आमिष काय लावतोस?"

"आमिष न्हाई लागत."

"गांडूळ?"

"न्हाई."

"कणीक? लसूण?"

"कायच न्हाई. नुसती माशी नाचवायची."

"मग मासा काय तुजं त्वांड बघून येतो व्हय रं?"

सोपान खळखळून हसला. त्याला राग आला असता तर केरबाला बरं वाटलं असतं. मागून चिमाबाईचा आवाज आला, "दाजी, जरा बाजूला व्हता का? त्या पोरींना नीट दिसत न्हाई."

दाजी बाजूला झाले. परतीच्या वाटेवर जुन्या हायवेच्या कडेनं गाडी चालवताना त्याला वाटलं, शेजारून जाणारा प्रत्येक ट्रक आपल्याकडं बघून म्हणतोय, शेपटीवालं, कवा आलात? पोटात असं काही पेटलं होतं, की घरी आल्यावर सरुबाईनं दिलेलं ताक नरड्याखाली उतरता उतरता कोमट झालं.

त्यानं ठरवलं. अशीच काठी घ्यायची. अशीच कशाला, हिच्यापेक्षा चांगली. पण म्हैस विकून नव्हे.

पहिल्यांदा तो लोणावळ्याला गेला. चिक्कीच्या दुकानांच्या मागल्या गल्लीत एक दुकान होतं, तिथं पोहायच्या ट्यूबांपासून तंबूपर्यंत सगळं टांगलेलं असे. साडूकडं आहे तसली द्या, असं तोंडानं म्हणवेना. तो म्हणाला, "माशीची काठी हाय का?"

दुकानदारानं डास मारायची विजेची बॅट काढून दिली.

बऱ्याच हातवाऱ्यांनंतर एक घडीची, लाल-निळी काठी बाहेर आली. "ही घ्या. टुरिस्ट लोक हीच नेतात. खूप चालते."

"मासं लागत्यात का पन?"

"ते सांगायला कोणी परत येत नाही, मामा."

मग पुण्याला एका मोठ्या दुकानात. तिथं काचेच्या कपाटात काठ्या उभ्या होत्या. खालची किमतीची चिठ्ठी वाचून केरबानं ती एकदा उलटून पाहिली, मागं काही सूट लिहिलीय का म्हणून. तेवढ्या पैशात दुभती म्हैस आली असती, आणि म्हैस निदान शेण तरी देते. तो दुकानातून हात पाठीमागं बांधून बाहेर आला, देवळातून यावं तसा.

शेवटी त्यानं मनावर दगड ठेवला आणि सोपानला न कळवता थेट तळेगावला त्र्यंबकरावांकडं गेला. त्र्यंबकराव झोपाळ्यावर बसले होते, खांद्याला शेकायची पिशवी बांधून.

"सोपानचे साडू ना तुम्ही? त्याच्याकडून ऐकलंय तुमच्याबद्दल. या, बसा. बोला."

सोपाननं आपल्याबद्दल काय सांगितलं असेल, ह्या विचारानं केरबाचं अर्धं लक्ष तिथंच अडकलं. "मला बी एक काठी पायजे, सायेब. परवडंल अशी. पन सोपानच्यापेक्षा…"

"सोपानच्यापेक्षा?"

"वाईट नको."

त्र्यंबकराव हसले. "अहो, महागडी घेऊच नका. नवशिक्या माणसाला मधल्या किमतीची कार्बनची काठी भरपूर झाली. नऊ फुटी, पाच नंबर. मोबाईलवर मागवली की घरपोच येते."

नवशिक्या! तो शब्द केरबाच्या कानात शिरला आणि त्याच्यामागं दार बंद झालं. आंद्रेचं पाणी वीतभर उतरवणारा माणूस नवशिक्या! त्यानंतर त्र्यंबकराव पुष्कळ बोलले. काठीत वाचवा पण दोरीत वाचवू नका, म्हणाले. आपल्या नेहमीच्या मासेमारीत वजन शिशात असतं, आमिषात असतं. इथं माशीला वजनच नाही, म्हणून फेकायचं सगळं वजन त्या जाड दोरीत, तेव्हा दोरी चांगली घ्या, दोनदा म्हणाले. केरबा मान हलवत राहिला. त्याच्या डोक्यात मात्र एकच चाललं होतं: सोपानला ह्यांनी नवशिक्या म्हटलं असेल का? नसेल. त्याला काठी दिली आणि मला सल्ला.

घरी पोरगी होती, पिंकी. चाकणच्या कंपनीत कामाला, रविवारची सुटी. तिनं मोबाईलवर काठ्या काढून दाखवल्या.

"बाबा, ही बघा. नऊ फूट, पाच नंबर. लोकांनी चांगलं लिहिलंय. महाग पण नाहीये. तुम्ही ठरवलेल्या पैशात दोरी पण बसतेय, ही पिवळी."

"दोरी घरात ढीगभर हाय. तंगूस पडलाय की पत्र्यावर."

"अहो, पण ह्यात लिहिलंय की वेगळी…"

"त्यात काय बी लिवत्यात. ती पिशवी कसली गं?"

"काठी ठेवायची. मखमली आतून."

"सोपानकडं पिशवी न्हाई," केरबा म्हणाला. "पिशवी घे."

अशा रीतीनं दोरीऐवजी पिशवी आली. पण खोटं कशाला बोला, काठी खरोखर चांगली निघाली. गर्द हिरवी, मुठीला बुचाचं लाकूड, चार तुकडे एकमेकांत असे बसायचे की सांधा बोटाला लागू नये. त्या पैशात तसली काठी मिळाली हे ऐकून पुण्याचा तो काचेच्या कपाटाचा मालक रडला असता. केरबानं ती अंगणात उभी करून गल्लीतल्या दोघातिघांना दाखवली. माशा मात्र त्यानं घरीच बांधल्या. सरुबाईचा कोंबडा जत्रेपर्यंत मफलर हरवलेल्या म्हाताऱ्यासारखा मान आखडून हिंडत होता.

जत्रा झाली. दुसऱ्या दिवशी न्याहारी करून दोघे साडू आंद्रेच्या पाण्यावर गेले. केरबानं पिशवीची चेन इतक्या हळू उघडली, की मधेच सोपानची तंबाखू मळून झाली.

"अरं वा! नवी?" सोपानचे डोळे चमकले. "लय झ्याक हाय, साडूभाऊ. आन् पिशवी बी! माझ्या काठीचं टोक तडकलंय, चिमानं चिकटपट्टी लावून दिली."

त्याच्या बोलण्यात कुठं खवटपणा सापडतो का, हे केरबानं बारकाईनं शोधलं. सापडला नाही. त्यामुळं तो जास्तच कावला.

मग त्यानं काठी मागं नेली, मनगट हलवलं आणि फेकली. तंगूस तो, वाऱ्याला केस उडावा तसा उडाला, आणि पिसाची माशी घरी परतलेल्या पारव्यासारखी त्याच्याच खांद्यावर येऊन बसली. दुसऱ्यांदा फेकली, टोपीवर बसली. तिसऱ्यांदा पाण्याकडं पाठ करून फेकून बघितली, तर करवंदीच्या जाळीत अडकली. शेजारी सोपानची पिवळी दोरी पुढं-मागं, पुढं-मागं, पाळण्यासारखी निवांत हलत होती.

"साडूभाऊ, काठी एक नंबर हाय, दोरी तेवढी बदला. माझ्याकडं जादाची गुंडाळी हाय. देऊ?"

"तुजी दोरी तुला."

"अवो, पन वजन दोरीत…"

"सोपानराव," केरबा म्हणाला, "तू जल्माला यायच्या आदी मी गळ टाकत हुतो."

हे खोटं होतं, पण सोपाननं हिशेब मांडला नाही. तो खडकाला वळसा घालून पलीकडं गेला. तो दिसेनासा झाल्याबरोबर केरबानं खिशातून कणकेचा गोळा काढला, माशी तोडून गळ बांधला, शिसं लावलं आणि नऊ फुटी, पाच नंबरची काठी बांबूसारखी पाण्यावर धरून बसला. बऱ्याच वेळानं एक चिलापी लागली. तळहाताएवढी. तीसुद्धा लहान पोराच्या तळहाताएवढी. एरवी असला मासा त्यानं मांजराला टाकला असता, आज जपून कापडी पिशवीत ठेवला.

तेवढ्यात खडकापलीकडून आरोळी आली, "साडूभाऊ! आवो, धावा!"

केरबा धावला. सोपान कमरेएवढ्या पाण्यात होता, काठी वाकून तिचं टोक पाण्याला टेकलं होतं आणि चिमाबाईची चिकटपट्टी सुटून फडफडत होती. पाण्यात एकदा सोनेरी उलथापालथ झाली. महाशीर! केरबा कपड्यांसकट पाण्यात कधी शिरला आणि त्यानं मागून सोपानचा सदरा मुठीत कधी धरला, त्याचं त्यालाही कळलं नाही. "ढील दे! दे ढील! आता घे. हळू… हळू रं, भाड्या!" बराच वेळ दोघे साडू आणि एक मासा असे पाण्यात झटत होते. शेवटी मासा दमला आणि सोपानच्या हातावर येऊन पडला. खांद्यापासून बोटांपर्यंत हात लांबवला तर तेवढा. एकेक खवला रुपयाएवढा, पितळेच्या परातीसारखा चकाकणारा.

मग केरबाला आठवलं, की हा मासा त्याचा नाही. त्याच्या मुठीतून सदरा सुटला.

"येक फोटू काढा," सोपान मोबाईल पुढं करत म्हणाला. केरबानं काढला. काढताना मोबाईल तिरपा झाला, आणि पोटापासून शेपटीपर्यंतचा सगळा मासा चौकटीबाहेर राहिला. मुद्दाम नव्हे, असं तो आजही सांगतो.

फोटो झाल्यावर सोपाननं गळ अलगद काढला, माशाला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं, त्याला दम खाऊ दिला आणि हात उघडले. शेपटीचा एक फटकारा, आणि पाणी मोकळं.

"अरं येड्या!" केरबा किंचाळला. "त्येचं मुंडकं!"

"सायबांना शबूद दिलाय. ह्या काठीला महाशीर लागला तर सोडायचा. ह्याच बोलीवर काठी दिली त्यांनी."

केरबा पाण्यात उभाच राहिला. मग त्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडू लागला. मोठा मासा पाण्यात. चिलापी पिशवीत. म्हणजे मुंडकं…

"शबूद म्हंजे शबूद," तो गंभीरपणे म्हणाला. "लय चांगलं केलंस."

दुपारी पंगत बसली. विठाबाईनं सोपानचा मोबाईल हातभर लांब धरून बघितला, मग जवळ आणून बघितला.

"मासा कुटं हाय?"

"सोडला, आत्या."

"मग आता ह्या फोटूचा रस्सा करू व्हय?"

सगळे हसले. चिलापीचा रस्सा झाला होता, त्यात मासा कमी आणि बटाटे जास्त. विठाबाईनं पळीनं शोधून शोधून ते बारकं मुंडकं काढलं आणि केरबाच्या ताटात ठेवलं. सोपानच्या ताटात शेपटी. केरबानं मिशीवरून हात फिरवला. सगळं जागच्या जागी होतं.

पण विठाबाईचा मुलगा निलेश सोपानच्या मागंच लागला. "दाजी, ह्यात नुसतं त्वांड दिसतंय. बाकीचा मासा कुटं? मुंडकं माशाचं असंल, मागं बेडकी बी असंल."

"न्हाई रं, हातभर हुता."

"समदे हातभरच म्हनत्यात."

"साडूभाऊ हुते की तितं," सोपान म्हणाला. "त्यांनी सोताच्या डोळ्यांनी बघितलाय. त्यांनाच इचारा."

सगळी पंगत केरबाकडं बघू लागली. मेव्हणी चिमाबाई, बायको सरुबाई, निलेश, त्याची बायको सविता, पळी हातात धरलेली विठाबाई. संधी चालून आली होती. वीतभर हुता, एवढंच म्हणायचं. सोपानची फारीनची काठी, त्याची पिवळी दोरी, लेण्यांवरच्या पोरींचे मोबाईल, सगळं एका शब्दात पाण्यात बुडालं असतं. केरबानं रश्शाचा घोट घेतला. वीत दाखवायला उजवा हात वर केला.

पण नुसत्या एका हातानं मासा दाखवायची सवय त्या हाताला कुठली? डावाही वर आला. दोन्ही हात समोरासमोर आले, आणि मग जन्मभर जे एकच काम त्यांनी केलं होतं तेच ते करू लागले. लांब व्हायला लागले. केरबानं त्यांना थांबवायचा प्रयत्न केला, पण तोवर तोंडही फितूर झालं होतं.

"वीतभर? कोन म्हनतो वीतभर? निलेश, ह्यो बघ, हितनं तितवर! सरक गं सविता, हात पुरंना! आन् जाड किती? ह्या डेऱ्याएवढा. सोपान पान्यात, मी त्येच्या कमरंला, आन् माझं धोतार मागं बाभळीला अडकलं म्हनून आमी दोघं ऱ्हायलो, न्हाईतर आज धरनाच्या भिताडापल्याड सापडलो असतो. खवला केवढा म्हनशील? ही भाकरी. पाठीवर शेवाळ! आमच्या सासऱ्यानं लानपनी सोडलेला मासा असंल त्यो. आन् डोळा असा वर करून माज्याकडं बघितलं त्येनं, अक्षी वळख असल्यागत…"

केरबानं धोतर कधी नेसलंच नव्हतं, तो पॅन्टवाला माणूस. पण कुणी त्याला अडवलं नाही. रश्शावर साय धरली. निलेशचा घास हातात राहिला. सोपान तर स्वतःचाच मासा पहिल्यांदा बघत असल्यासारखा तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"…आन् त्येवढा मासा," केरबा म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला, "ह्या गड्यानं हातातनं सोडला. शबदासाठी. माज्यानं झालं नसतं."

हे शेवटचं वाक्य कुठून आलं, ते त्याला कळलं नाही. रंगवून सांगायच्या गोष्टीत ते नव्हतं.

विठाबाई पुढं आली. तिनं केरबाच्या ताटातलं मुंडकं पळीत घेतलं आणि सोपानच्या ताटात ठेवलं.

"आवो आत्या! चिलापी माजी हाय!"

"तुमचीच हाय, जावईबापू. म्हनून तर शेपटी देते." आणि सोपानच्या ताटातली शेपटी उचलून तिनं केरबाच्या भातावर ठेवली. "त्येवढा मोटा मासा ज्यानं वढला, त्येचं मुंडकं. तुमीच सांगितलंत की."

सरुबाईनं तोंडाला पदर लावला. ती रडत नव्हती, हे तिच्या हलणाऱ्या खांद्यांवरून कळत होतं. "जिभंला हाडच न्हाई ह्यांच्या," ती बहिणीला म्हणाली.

केरबानं शेपटी खाल्ली. तिच्यात खायला काही नव्हतंच. काटे वेचता वेचता त्याचं लक्ष राहून राहून शेजारच्या ताटाकडं जात होतं. लहान पोराच्या तळहाताएवढ्या चिलापीचं ते मुंडकं, नखाएवढं. त्यात सोपानला काय सापडत होतं कोण जाणे, डोळे मिटून बराच वेळ चोखत बसला होता.